फक्त बॅटरी टाका

कुठल्याही गाडीजवळ दोन मराठी माणसं उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला : ॲव्हरेज किती देते? गाडी मारुती असो, मर्सिडीज असो, नाहीतर वरातीसाठी फुलांनी मढवलेली असो. जीपरावांना मात्र हा प्रश्न विचारू नये. विचारलाच, तर त्यांच्या आजोबांच्या तसबिरीकडे बोट दाखवून 'यांना पेन्शन किती मिळायची?' असं तुम्ही विचारल्यासारखे ते तुमच्याकडे बघतात. मग बॉनेटवर तळहात ठेवून म्हणतात, "ही ॲव्हरेज विचारायची गाडी नाही." हे मात्र अगदी खरं आहे. ॲव्हरेज काढायचं तर टाकी फुल केल्यापासून ती संपेपर्यंत गाडी चालावी लागते.

जीपराव हे कुणा एकाचं नाव नाही. पुण्यात बाणेर-वाकडला, नाशकात गंगापूर रोडला, कोल्हापुरात राजारामपुरीत, जिथे जिथे पार्किंगला जागा आणि मालकाला ईएमआयमधून उसंत मिळते तिथे तिथे ते उगवतात. आमचे जीपराव बी विंगमधले. हिंजवडीत एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. फ्लॅटचं कर्ज फिटलं, मुलगा दहावीच्या पुढे सरकला आणि डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचं सांगितलं. या तीन गोष्टी एकाच वर्षात घडल्या की मध्यमवर्गीय पुरुष ट्रेकिंग सुरू करतो, नाहीतर हार्मोनियमचा क्लास लावतो, नाहीतर जुनी जीप घेतो. जीपरावांचे गुडघे आणि कान दोन्ही यथातथाच, म्हणून तिसरा मार्ग उरला.

नवी थार घ्यायची ऐपत होती. शोरूममध्ये जाऊनही आले. "तिला एसी आहे," एवढंच त्यांनी परत आल्यावर सांगितलं, तेही आरोप केल्यासारखं. जीपरावांच्या मते जीप कशी असावी याचे नियम महायुद्धात ठरले आणि त्यानंतर झाले ते सगळे लाड. महायुद्धातल्या जीपच्या जाळीला नऊ उभ्या फटी, नंतरच्या नागरी जीपला सात. त्यामुळे युद्धपट बघताना त्यांचं लक्ष ना नायकाकडे असतं ना शत्रूकडे. "सात! सात आहेत! चव्वेचाळीस सालात सात कुठून आल्या?" असं ओरडून त्यांनी थिएटरमध्ये एकदा भर लढाईत शांतता पसरवली होती. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली इथपासूनचा इतिहास ते दूधवाल्यालाही सांगतात. लो बॉनेट कुठलं आणि हाय बॉनेट कुठलं, हे आता आमच्या वॉचमनलाही पाठ झालंय. जिप्सीचा विषय काढला तर चेहऱ्यावर सोयरिकीतली अढी दिसते. जिप्सी १९८५ ला आली, २०१९ ला बंद झाली, लष्करानेही ती भरपूर वापरली, हे सगळं ते मान्य करतात. पण शेवटी "हलकी आहे हो" म्हणून निकाल देतात. जीपवाले आणि जिप्सीवाले यांच्यात रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहार नाही. चिखलात अडकलात तर ओढायला दोर मिळेल, सल्ला मिळणार नाही. खरं म्हणजे सल्लाही मिळतो, पण तो 'विकून टाका' असा असतो.

घरात घोषणा झाली ती अशी : "ही आपली रोजची गाडी असणार." यातली हुशारी लक्षात घेण्यासारखी आहे. रविवारी बाहेर काढायची जीप ही हौस झाली, आणि हौसेला घरात परवानगी लागते. रोजची गाडी ही गरज, आणि गरज नुसती कळवायची असते. वहिनी चार्टर्ड अकाउंटंट आहेत. त्यांनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं, "आणि ऑफिसला कशाने जाणार?"

गाडी सापडली फलटणच्या पुढे, एका मळ्यात. १९८८ ची एमएम ५४०. पेझोच्या परवान्यावर इथेच बनलेलं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन, ताकद ६२ घोड्यांची, त्यातले जिवंत किती हे मालकालाही ठाऊक नाही. आधी एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात होती, ऊस बघत फिरली, लिलावात निघाली, मग या बागायतदाराकडे आली आणि गेल्या काही वर्षांपासून गोठ्याच्या कडेला विसावली होती. टपावर कडबा, पुढच्या सीटवर खताची रिकामी पोती, आणि मागच्या बाकड्याखाली एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"चालती गाडी हाय," मालक म्हणाले. "फकस्त बॅटरी टाका."

महाराष्ट्रात आजवर जेवढ्या जुन्या गाड्या विकल्या गेल्या, त्या सगळ्यांना फक्त बॅटरीच टाकायची होती. जीपराव पूर्वतयारीनिशी गेले होते. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक त्यांनी खिशातून काढलं आणि मडगार्डला लावलं. चुंबक घसरून खाली पडलं. दुसरीकडे लावलं, तिकडूनही पडलं. पत्रा खाऊन गेल्यावर लांबी भरून वरून रंग मारला की असं होतं. त्या मडगार्डमध्ये लोखंडापेक्षा लांबी जास्त होती. मालकाने चुंबक उचलून, पुसून, अदबीने परत दिलं. "मडगार्डचं काय," जीपराव मला म्हणाले, "ती बाजारात मिळतात. चासी बघायची असते." मग ते उताणे होऊन गाडीखाली शिरले आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत मागून पुढपर्यंत गेले. चासी खणखणीत होती. कारण इंजिन आणि गिअरबॉक्समधून तीस-पस्तीस वर्षं झिरपलेल्या ऑइलने तिला सबंध लेप दिला होता, गंज धरायला जागाच ठेवली नव्हती. गळती अशी उपकारक असते हे जीपरावांना त्या दिवशी उमगलं. पुढे सोसायटीच्या सभेत हाच मुद्दा त्यांनी पार्किंगच्या फरश्यांबाबत मांडला, पण तिथे तो टिकला नाही.

जीपराव ऑफिसात डॉलरमधल्या करारांवर घासाघीस करतात. इथे मात्र त्यांनी सौदा सुरू होण्याआधीच एक गोष्ट केली : पोती बाजूला सारून स्टेअरिंगमागे जाऊन बसले. पुढची काच दुमडून बॉनेटवर टेकवता येते की नाही ते बघितलं. येत होती. त्यानंतर मालकाने सांगितलेली किंमत आणि शेवटी ठरलेली किंमत यांत फरक पडला तो फक्त चहाचा. टोकन दिलं. "उद्या टेम्पो आणतो," जीपराव म्हणाले. मालक कोंबडीकडे बघत राहिले. "उद्या कसं? उबावल्याबिगर उठायची न्हाई ती. पिल्लं निघू द्या की." अशा रीतीने मालकाची संमती मिळूनही कोंबडीच्या संमतीवाचून ताबा अडला.

गाडी घरी आली तेव्हा जीपरावांचे वडील साताऱ्याहून मुद्दाम आले होते. निवृत्त शिक्षक. उभी हयात वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांत गेली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या फळीला हात लावून बघितला आणि म्हणाले, "नोकरीभर वडापच्या जीपला मागे लोंबकळत गेलो, सुटायला रिटायर व्हावं लागलं. आणि तू पैसे मोजून घरात आणलीस होय!" जीपरावांनी त्यांना पुढे, ड्रायव्हरशेजारी बसवून चक्कर मारायची ठरवली होती. सेल्फ लागला नाही. वडील हसले नाहीत. मुकाट्याने उतरले, सवयीने मागे गेले आणि धक्का द्यायला वाकले.

यानंतर आली कागदपत्रं. जुन्या गाडीचं इंजिन एक वेळ फिटर उघडून दाखवील, आरसी बुकाच्या पोटात काय आहे हे देवालाही सांगता येत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली होती. त्यावर पर्यावरण कर निराळा. हे सगळं जीपरावांनी हिशेबात धरलं होतं. धरलं नव्हतं ते आरसीवरचं एक वाक्य. गाडीवर एका पतसंस्थेचा बोजा होता. मालकांनी कर्ज फेडलं होतं, पावत्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कुणी भरलाच नव्हता. आता तो भरायचा तर पतसंस्थेचा सही-शिक्का हवा. आणि पतसंस्था तर मोडीत निघालेली.

एरवी इथे जीपराव खचले असते. पण वहिनींनी जन्मभर सहकारी संस्थांचं ऑडिट केलंय. संस्था मोडली तरी ती मरत नाही, अवसायनात जाते. तिला अवसायक नेमलेला असतो, त्याला कुठेतरी टेबल असतं आणि टेबलाला खण असतो, हे ज्ञान त्यांना होतं. तालुक्याच्या गावी, उपनिबंधकांच्या कचेरीत, एका कपाटावर ठेवलेल्या खोक्यात तो शिक्का त्यांनी शोधून काढला. शाईची गादी वाळलेली होती. पर्समधून दोन थेंब सॅनिटायझर टाकून ती ओली केली. जीपराव ही गोष्ट सांगताना 'आम्ही एनओसी मिळवली' असं म्हणतात. त्यांचा त्यातला वाटा गाडीत डिझेल भरण्याचा. तेसुद्धा वहिनींच्या गाडीत.

आरटीओत चासी नंबरचा छाप घ्यावा लागतो. कागद धरून वरून पेन्सिल घासायची, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. एजंटाचं पोरगं आलं, गाडीखाली वाकलं, घासलं. कागदावर नुसतं काळं. मग रॉकेल, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा पेन्सिल. एकेक आकडा उमटत गेला तसे जीपराव तो मोठ्याने वाचत होते, मागच्या रांगेतली माणसं आरसीवर बोट ठेवून ताळा करत होती, आणि शेवटचा आकडा जुळला तेव्हा अनोळखी लोकांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं.

रंगाचं प्रकरण थोडक्यात सांगतो. प्रत्येक जीपरावाला जीप लष्करी हिरवी हवी असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखून ठेवलाय. त्यामुळे रंगाच्या दुकानात जीपराव शेडकार्डावर दीड तास बोट फिरवत होते, 'बेकायदा नाही पण बघणाऱ्याला तसं वाटेल' असा हिरवा शोधत. शेवटी जो मिळाला त्याला ते शेवग्याच्या पाल्याचा म्हणतात. आमच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार रोज त्या गाडीकडे संशयाने बघतात.

आणि मग फिटर.

जीपरावाच्या आयुष्यात फिटर कोण असतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्या जीपरावांचे फिटर 'मामा'. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, गॅरेज नाना पेठेच्या एका बोळात, पाटी नाही, फोन उचलत नाहीत. नवी गाडी घेऊन कुणी गेलं तर बॉनेट उघडायच्या आधीच "याला कॉम्प्युटर लावावा लागतो, पुढं जा" म्हणून हाकलतात. जीपची मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी तपासणी केली. इंजिन चालू ठेवायला सांगितलं, एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग टोक थोडं सरकवलं. डोळे मिटले. बोळातला सगळा कालवा चालूच होता, पण जीपरावांनी श्वास रोखला होता. मामांनी चार ठिकाणी ऐकलं, स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि म्हणाले, "दोन नंबरचा नोझल." बस्स. नोझल काढून लॅबला पाठवला तेव्हा तिथूनही तेच उत्तर आलं. त्या दिवसापासून जीपराव मामांसमोर खुर्चीत बसत नाहीत.

मामांनी यादी दिली. ती कागदावर नव्हती, बोलण्यात होती आणि दर खेपेला लांबत होती. पुढचे पाटे बसलेत. किंगपिनचे बेअरिंग गेलेत, म्हणून साठच्या पुढे स्टेअरिंग नाचतं. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस वाजतायत. चाकात ब्रेक ऑइल उतरतंय. रेडिएटरची कोअर चोंदलीय. स्टेअरिंगला प्ले इतका की वळायचा विचार आधी कळवावा लागतो, गाडी सवडीने वळते. प्रत्येक पार्टासाठी जीपराव स्वतः दुकानं पालथी घालायचे. नाना पेठेत मिळालं नाही तर बुधवारी-रविवारी जुना बाजार, तिथेही नसलं तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुणाच्या तरी ओळखीने लेथवर बनवून घ्यायचं. ओरिजिनल आणि डुप्लिकेट यांतला भेद करायची त्यांची एक पद्धत आहे : पार्ट हातात घेऊन वजन करतात, मग वास घेतात. वासाने काय कळतं हे मी विचारलं नाही. दुकानदारही विचारत नाहीत. त्यांना फक्त एवढं कळतं की हा वास घेणारा आहे, म्हणजे याला किंमत थोडी वाढवून सांगायला हरकत नाही.

पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर येतात. घरी येताना बिलावरचा एक शून्य वाटेत गळतो. ब्रेक ड्रम साडेचारशेला, पाट्यांचा सेट नऊशेला. वहिनी ऐकून घेतात, "स्वस्त मिळाला हो" म्हणतात आणि क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर पेन्सिलीने टिक करतात. त्यांनी एक्सेलमध्ये एक शीट उघडलीय. तिचं नाव 'भांडवली कामे प्रगतिपथावर' असं आहे.

पण मला या साऱ्यात जे बघायला आवडतं ते वेगळंच आहे. शनिवारी संध्याकाळी कधी त्या बोळात जावं. मामा गाडीखाली असतात, फक्त पाय बाहेर. शेजारी उकिडवे बसलेले जीपराव, हातात बॅटरी, म्हणजे विजेरी. ऑफिसात साठ माणसं यांच्या हाताखाली. ती काय करतात हे त्यांनाही धड सांगता येत नाही. स्क्रीनवर रकाने लाल असतात ते हिरवे होतात, तिमाही संपली की पुन्हा लाल. त्या कामाचा हाताला कधी डाग लागत नाही. आणि इथे खालून आवाज येतो, "साहेब, उजेड हलवू नका. नटवर धरा. नटवर! माझ्या तोंडावर काय धरताय?" आणि हा एवढा मोठा माणूस म्हणतो, "चुकलं मामा." तोंडावर राग नाही, लाज नाही, उलट एक प्रकारची तृप्ती. बारा-तेराचा पाना मागितल्यावर त्यांनी न बघता बरोबर बारा-तेराचाच उचलून दिला, त्या दिवशी मामांनी काही न बोलता अर्धा कप चहा त्यांच्याकडे सरकवला. त्या वर्षी कंपनीने त्यांना एक पुरस्कारही दिला होता म्हणे. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत.

म्हणून माझं मत असं झालंय की जीपरावांना ही गाडी पूर्ण दुरुस्त व्हायला नकोच आहे. एकदा ती तीन आठवडे काही न कुरकुरता चालली. जीपराव अस्वस्थ. पार्किंगमध्ये येऊन बॉनेट उघडायचे, बघायचे, मिटायचे. चौथ्या आठवड्यात अल्टरनेटरने मान टाकली तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

रोजची गाडी ती आहेच, याबद्दल मात्र त्यांचा दावा कायम आहे. हिंजवडीची गर्दी चुकवायला ते सकाळी सातला निघतात, कारण त्या क्लचवर तासभर गर्दीत पाय ठेवला तर डावी पोटरी दिवसभर आपली राहत नाही. थंडीत आधी हीटर देऊन थांबावं लागतं. ते थांबणं त्यांनी प्राणायामात धरलंय. पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा असतो. रोज सकाळी ते तो ओढून काढतात आणि डाग बघतात. काळा असेल तर इंजिन ऑइल, घाण वास आला तर नव्वद नंबरचं गिअर ऑइल, मागच्या चाकाशी पाण्यासारखा दिसला तर आज ब्रेक जपून. पुठ्ठा कोरडा असला की ते आधी ऑइलची पट्टी ओढून बघतात आणि मगच गाडीत बसतात. पावसाळ्यात कापडी हूडमधून पाणी नेमकं क्लचच्या पायावर पडतं. जीपला दारं नाहीत, तेव्हा ओलं झाल्याची तक्रारही नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पँट, शर्ट आणि टॉवेल कायमचे ठेवलेत. मीटिंगला जाताना यांच्या अंगाला डिझेलचा वास येतो. आणि जेव्हा जीप मामांकडे असते, म्हणजे बऱ्याचदा, तेव्हा ते वहिनींच्या ॲक्टिव्हावर हेल्मेट घालून, ओळख पटू नये अशा बेताने जातात. "आज जीपला आराम," असं सांगतात.

लोक मात्र भेटतात. सिग्नलला, पंपावर, चहाच्या टपरीवर. ट्रॅफिक पोलीस थांबवतो आणि लायसन्स मागायच्या ऐवजी विचारतो, "विकायची का?" एकाच्या वडिलांकडे अशी होती, एकाच्या लग्नाचं वऱ्हाड अशा जीपमधून गेलं, एकाने निवडणुकीत अशा जीपवर भोंगा लावून सबंध तालुका पालथा घातला. नव्या गाडीतून जाणाऱ्याशी कोण बोलतं? जीपरावांना हे ठाऊक आहे. ते पंपावर मुद्दाम दोनशेचंच डिझेल टाकतात, म्हणजे उद्या पुन्हा यायला होतं.

फोर बाय फोरचा खरा उपयोग आजवर एकदाच झाला. सोसायटीसमोर खणलेल्या चरात शाळेची व्हॅन रुतली होती, आत पोरं किंचाळत होती. जीपराव धावले, दोर बांधला, लो रेंजचा दांडा ओढला, क्लच सोडला. पुढची चाकं ढिम्म; जीपच चरात घसरायला लागली. बाल्कन्यांमधून लोक बघत होते. वरून वहिनींचा आवाज आला, "हब! हब लॉक केले नाहीत तुम्ही!" पुढच्या दोन्ही चाकांवरची ती चकती हाताने फिरवल्याशिवाय पुढच्या चाकांना ताकद जात नाही, हे जीपरावांनी जेवताना किमान शंभरदा समजावून सांगितलं होतं, फक्त ऐकणारीला ते आठवलं. उतरून हब फिरवले, पुन्हा क्लच सोडला, आणि व्हॅन अशी बाहेर आली की पोरांनी टाळ्या पिटल्या. आता हा प्रसंग ते सांगतात तेव्हा व्हॅनची बस झालेली असते आणि चराची दरी.

वहिनींच्या तयारीचा खरा अंदाज मला ताम्हिणीत आला. आषाढाचा पाऊस, घाटात धुकं, आम्ही दोन कुटुंबं दोन गाड्यांतून. मधेच जीप फुरफुरली आणि बंद पडली. डिझेलमध्ये हवा धरली होती. जीपराव रस्त्याच्या कडेला छत्री धरून मामांना फोन लावत होते. घाटात रेंज एका विशिष्ट दगडावरच येते, ते त्या दगडावर चढले. वहिनी उतरल्या. ओढणी कमरेला खोचली, बॉनेटचे आकडे काढले, सीटखालून दहा-अकराचा पाना घेतला. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि शेजारचा हातपंप अंगठ्याने दाबायला लागल्या. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग फेस कमी होत होत सोनेरी डिझेलची सलग धार. स्क्रू आवळला, हात चिंध्यांना पुसले, आत बसून हीटर दिला, मनात दहा मोजले असावेत, किल्ली फिरवली. गाडी लागली. तिकडे दगडावरून जीपराव ओरडत होते, "मामा म्हणतात, हवा काढा!"

परवाची गोष्ट. पार्किंगमध्ये टेम्पो आला आणि त्यातून दुसरी जीप उतरली. तीच जात, साल १९९०, चाकं नाहीत, चार विटांच्या थप्प्यांवर ठेवलेली. "पार्ट्ससाठी," जीपरावांनी जाहीर केलं. "मडगार्ड, ॲक्सल, थोडं इकडचं तिकडचं." सोसायटीचे सेक्रेटरी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, उपविधींचं पुस्तक घेऊनच खाली आले. एका सदनिकेला एकच पार्किंग. जीपराव तयार होते. "पण हे वाहन कुठाय? चाकं नाहीत, इंजिन उघडलेलं, नोंदणी संपलेली. हे सामान आहे." सेक्रेटरींनी पुस्तक चाळलं. सामान जिन्यात ठेवायला बंदी होती, गच्चीत होती, लॉबीत होती. पार्किंगमध्ये सामानाबद्दल पुस्तक गप्प होतं.

पंचाईत निराळीच झाली. संध्याकाळी मामा आले, स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही जीपच्या चासी ठोकल्या, दोन्हींचे पत्रे नखाने वाजवले आणि म्हणाले, "साहेब, ही नवी आणलेली जास्त चांगली आहे. पहिलीचे पार्ट काढून हिला लावा." जीपराव दोघींच्या मधे उभे होते. सेक्रेटरीही होते, गेले नव्हते, काठी काखेत धरून त्यांनी पहिल्या जीपची पुढची काच हळूच खाली दुमडून बघितली, पुन्हा उभी केली आणि खाकरून म्हणाले, "नाही म्हणजे, मग पहिलीचं काय करायचं ठरवलंय? गावाकडे आमचा मळा आहे. रोजच्यासाठी बरी पडेल."

जीपरावांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. कारखान्यापासून. पंधरा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून वहिनींचा आवाज आला, "काका, आरसी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका!"